वेशीच्या अलीकडे

घरात सीताफळं आली की आधी मला ती नाकाने कळतात. सून टोपली आतल्या खोलीत गवताखाली झाकून ठेवते. नातवंडांनी कच्ची फोडू नयेत आणि माझी साखर वाढू नये, असे दोन्ही हेतू त्यात असावेत. दोन दिवस काही नसतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आडवा झालेला असतो आणि तो गोड, थोडा मातकट वास दाराखालून येतो. मग मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करतो. "बाबांना सीताफळ बिलकुल आवडत न्हाई," असं सून शेजारणीला सांगते. मी तिला तसंच समजू दिलंय.

माझी पहिली बायको गोदावरी. घरच्यांना ती ठाऊक आहे ती एका पुसट फोटोपुरती. फोटोत ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी आहे आणि फोटोवाल्याने सांगितल्याप्रमाणे गंभीर चेहरा करायचा तिने प्रयत्न केलाय. तो तिला जमलेला नाही. ती सायकल चालवायची हे या घरात कुणालाच माहीत नाही. निजामी राज्यात, जालन्यासारख्या गावात, नऊवारी नेसणारी मास्तराची बायको दांडीची सायकल चालवायची, आणि तीन वर्षं सीताफळांच्या दिवसांत अंबडच्या पलीकडचे डोंगर तिने माझ्याबरोबर सायकलवरून पालथे घातले. तिचं माझ्याकडे एकच मागणं होतं. एकदा, एकदाच, कुठल्यातरी गावाच्या वेशीतून सायकलवर बसून आत जायचं. ते मी पुरं केलं नाही. चाळीस वर्षं झाली, पण हा वास आला की ते मागणं पुन्हा माझ्या उशाशी येऊन बसतं.

मी ड्रॉइंग मास्तर. शाळा उर्दू, मी मराठी, पण चित्राला भाषा लागत नाही, म्हणून माझी नोकरी सुखाने चालली होती. दसऱ्यानंतर सुट्टी पडली की वही आणि पेन्सिली सायकलीला बांधून मी डोंगरातली देवळं नि लेणी काढायला जायचो. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी गोदावरी म्हणाली, "अहो, तुम्ही दगडं पाहायला जाता आन् मी घरी बसून तुमच्या दगडांची चित्रं पाहायची. एकदा मलाच दगडं दाखवा की." ती घनसावंगीकडची, गोदाकाठच्या सपाट मुलखातली. डोंगर म्हणजे तिला भारी अप्रूप. मी म्हटलं, बैलगाडी वर चढत नाही, कसं नेऊ? तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिचा भाऊ शिकायला हैदराबादला गेला होता आणि जाताना आपली सायकल आमच्याकडे टाकून गेला होता.

कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी जिनिंगचं आवार मोकळं असायचं आणि तिथला राखणदार माझ्या ओळखीचा. तांबडं फुटायच्या सुमाराला आम्ही तिथे जायचो. काष्टा घातलेल्या नऊवारीला दांडीची सायकल मुळीच जड नाही, हा शोध मला तिथे लागला. ती तीन दिवसांत शिकली. मला महिना लागला होता, हे मी तिला कधी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी तिने सीटला खणाचं कव्हर शिवलं, हिरवं, लाल काठाचं. म्हणाली, "आता ही माझी झाली. भाऊ मागायला आला तर तुम्ही बोला."

शिकवलं मी हौसेने, पण चारचौघांत दाखवायची हिंमत माझ्यात नव्हती. मी भित्रा माणूस. हेडमास्तर काय म्हणतील, वडिलांना गावी कोण जाऊन सांगेल, बाजाराच्या दिवशी ओट्याओट्यावर काय बोललं जाईल, याची सगळी चित्रं मला आधीच रंगवून तयार दिसायची. म्हणून मी एक नियम केला. जालन्यातून ती देवाला निघाल्यासारखी पायी निघायची, मी दोन्ही सायकली घेऊन पुढे. कुंडलिका नदी ओलांडून वस्ती मागे पडली की ती बसायची. मग मोकळा रस्ता तिचा. पुढचं गाव आलं की वेशीच्या अलीकडे उतरायचं, डोक्यावर पदर घ्यायचा, आणि माझ्या मागे दहा पावलं चालायचं. मी दोन्ही हातांत दोन सायकली धरून पुढे, बैलजोडी पाण्यावर नेणाऱ्या गड्यासारखा. गाव संपलं की पुन्हा बसायचं. कुणी विचारलंच, तर दुसरी सायकल पुढच्या गावच्या मास्तरांना पोचवायचीय, असं सांगायचं. हे उत्तरही मीच तयार केलं होतं आणि मला ते फार हुशारीचं वाटायचं.

"मी काय चोरी करून राह्यले का?" ती पहिल्या वेशीपाशी म्हणाली होती.

"चोरी नाही, पण लोक..."

"लोकांना काय, दोन दिवस बोलतील. मंग कुणाची तरी म्हैस हरवंल आन् तिच्याबद्दल बोलतील." पण उतरली. दर वेळी उतरली. तिने माझं मन मोडलं नाही, आणि मी तिचं राखलं नाही.

पण वेशीवेशींच्या मधला तो रस्ता! अंबडपर्यंत काळी जमीन, कपाशीची बोंडं फुटायच्या बेतात, ज्वारी हिरवीगार. देवीच्या धर्मशाळेत मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी डोंगर. तिथून राखीव रान लागायचं. मुरमाड चढ, दोन्ही अंगांना सीताफळीची झुडपं, मधूनच साग, आणि दगडांवर ऊन खात बसलेले मोर, जे सायकलीला मुळीच भ्यायचे नाहीत. चढ आला की मी उतरून ढकलायचो. ती उतरायची नाही. नागमोडी चालवत, दात-ओठ खात वर जायची आणि माथ्यावर माझी वाट पाहत सीताफळ फोडून बसायची. बिया ती रस्त्याच्या कडेला फुंकून टाकायची. "पुढच्या साली हितं झाड येईल बघा." आलं असेल, नसेल. डोंगरात कोण कुणाचं झाड ओळखणार?

खिंडीच्या तोंडाशी राखीव रानाची चौकी होती. तिथला राखण करणारा म्हातारा जवान पहिल्या वर्षी अचानक समोर आला. उतरायला तिला वेळच मिळाला नाही. त्या भल्या माणसाने एकदम मान वर केली आणि ढग मोजत असल्यासारखा आभाळाकडे पाहत राहिला. ढग एकही नव्हता. ती पुढे निघून गेल्यावर मला म्हणाला, "जल्दी निकलो मास्टर साब, शाम को बिबट्या उतरता. बाई को आगे रखो." मला वाटलं, चला, एकट्याने पाहिलं, निभावलं.

खिंडीपलीकडे ते गाव. नाव लिहीत नाही. त्या गावाने माझं झाकलं, तेव्हा मीही त्याचं नाव झाकून ठेवतो. तिन्ही बाजूंनी डोंगर, काळ्या दगडाची जुनी वेस, वेशीच्या आत पायऱ्यांची बारव, वर टेकाडावर देऊळ, आणि देवळामागे कड्यात कोरलेली दोन लेणी, एक पुरं, एक अर्ध्यात सोडलेलं. खिंडीपासून वेशीपर्यंत अर्ध्या कोसाचा सलग उतार होता. तो उतार गोदावरीचा जीव की प्राण. पेडलवरचे पाय स्थिर, पदर मागे फडफडतोय, तोंडाने काहीतरी ओरडतेय आणि वाऱ्यामुळे ते मला ऐकू येत नाहीये. असं अर्धा कोस. आणि उताराच्या शेवटी, वेशीच्या अलीकडे, एका मोठ्या बाभळीपाशी तिने ब्रेक दाबून उतरायचं. ब्रेक दाबला नसता तर उतारच तिला वेशीतून आत घेऊन गेला असता.

देवळाची गुरवीण धुरपतमावशी आम्हाला ओवरीत उतरवून घ्यायची. पन्नाशीची, काटक, बोलताना चेहऱ्यावरची रेष न हलवणारी बाई. पहिल्या वर्षी तिने विचारलं, "मास्तर, माणसं दोन, सायकली दोन, आन् बाई पायी. ह्ये कसं?" मी माझं तयार उत्तर दिलं. "बराबर," मावशी म्हणाली. दुसऱ्या वर्षी म्हणाली, "पोचली व्हती का हो मागल्या सालची सायकल?" म्हटलं, पोचली. "मंग ही दुसरी? त्या मास्तराच्या सायकली लई मोडतात वाटतं." गोदावरी पदराने तोंड झाकून बाहेर गेली. मला मात्र मावशीच्या भोळेपणाची दया आली.

सीताफळ कधी काढायचं हे त्या मावशीनेच गोदावरीला शिकवलं. खवल्यांमधली फट पांढरी दिसू लागली की फळाने डोळे उघडले म्हणायचं. डोळे मिटलेलं काढलं तर कितीही दिवस गवतात ठेवा, दगडच राहतं. गोदावरी मग झुडपाझुडपापाशी थांबून म्हणायची, "ह्याने उघडलेत बघा डोळे. ह्याने न्हाई." मी लेण्यात बसून खांब काढायचो आणि ती बाहेरून फळांची नावं ठेवल्यासारखी बोलत असायची. अर्ध्यात सोडलेल्या लेण्यापुढे ती पुष्कळ वेळ उभी राहायची. एकदा म्हणाली, "कोरणाऱ्याला ठाऊक असंल का हो, की आजचा छिन्नीचा घाव शेवटचा म्हणून?" मी पेन्सिल तासत होतो. काहीतरी हूं म्हटलं असेन.

त्या तीन वर्षांच्या सहा वह्या माझ्याकडे आहेत. खांब आहेत, कोनाडे आहेत, बारवेच्या पायऱ्या आहेत, वेशीवरचं वेलबुट्टीचं नक्षीकाम इतकं बारीक काढलंय की आता भिंग लागतं. एका पानावर देवळाच्या भिंतीला टेकलेली तिची सायकल आहे, कव्हरच्या काठासकट. सायकलवर बसलेली ती एकाही पानावर नाही. वही कुणाच्या हाती पडली तर, अशी भीती होती. जन्मभर चित्र शिकवलेल्या माणसाकडे आपल्या बायकोची, ती सर्वांत जास्त सुखात असतानाची, एक रेघसुद्धा नाही. अलीकडे मी दोन-चारदा प्रयत्न केला. हात थरथरतो ते एक असो. पण उतारावर तिच्या टाचा वर असायच्या की खाली, हेच मला आठवेना. मी तेव्हा तिच्याकडे पाहत नव्हतो, पुढून कुणी येतंय का ते पाहत होतो.

तिसऱ्या वर्षी युद्धामुळे ट्यूब मिळायची मारामार होती. माझ्या सायकलीचं मागचं चाक अंबडपासून गवत ठासून चालवलं होतं आणि मी वैतागलेला होतो. खिंडीत ती म्हणाली, "अहो, या डावाला मी न्हाई उतरत. ह्या गावाला तं न्हाईच. आपली माणसं झाली आता ती." मी काही बोललो नाही. तिने तो होकार समजला आणि उतारावर सायकल सोडली. मी गवताच्या चाकावर खडखडत तिच्या मागे. बाभळीजवळ वळणावर मला वेस दिसली. वेशीत आठ-दहा बाया उभ्या होत्या. एकीच्या हातात तांब्या, धुरपतमावशीच्या हातात भाकरी. सगळ्यांचे डोळे रस्त्याकडे.

"गोदे, उतर!" मी ओरडलो. नाव घेऊन ओरडलो, कधी घेत नसे. "बाया जमल्यात. तमाशा बघायला जमल्यात. उतर आधी!"

तिने ब्रेक दाबला. खडीवर चाक घसरलं, पण पडली नाही. उतरली, बाभळीआडून वेशीकडे बघत राहिली. दम लागला होता तिला. "मला न्हाई वाटत, त्या हसायला आल्यात," ती म्हणाली.

"तुला लोकांचं काही कळत नाही."

"बरं." मग थोड्या वेळाने, "पुढच्या साली?"

"पुढच्या साली नक्की. शब्द देतो."

तिने पदर घेतला. मी दोन सायकली धरून पुढे झालो. बायांनी वाट दिली. वेशीत शिरताना ती दहा पावलांचा नियम मोडून झपझप पुढे आली आणि माझ्या डाव्या हातातल्या तिच्या सायकलची घंटी तिने एकदा वाजवली. बाया हसल्या. माझे कान तापले. रात्री ओवरीत मी तिच्याशी बोललो नाही. तिच्या आयुष्यातल्या शेवटच्या दसऱ्यानंतरचा तो एक अख्खा मुक्काम मी रुसून घालवला.

पुढच्या भादव्यात तिला ताप आला. विषमज्वर. अकरा दिवस. नवव्या दिवसापासून ती बडबडायला लागली. पांघरुणाखाली पाय हलायचे, आधी डावा मग उजवा, एका लयीत. डॉक्टर म्हणाले, वात आहे. मला ठाऊक होतं काय आहे ते. एकदा तिने डोळे उघडून विचारलं, "अहो, वेस आली का? उतरू?"

मी म्हटलं, "उतरू नको. बसून राहा. मी आहे."

तिला ते ऐकू गेलं का, मला माहीत नाही. आजही नाही. ऐकू गेलं असेल, असं मी काही वर्षं स्वतःला सांगून पाहिलं.

दसरा झाला, सुट्टी पडली. घरात बसवेना. माझी सायकल मोडून पडली होती, म्हणून तिची काढली. निदान मी तेव्हा कारण तरी तेच सांगितलं. कुंडलिका, अंबड, डोंगर. झुडपं फळांनी वाकली होती आणि मी एकाही फळाकडे डोळे उघडलेत का म्हणून पाहिलं नाही. चौकीवरच्या जवानाने मागच्या रस्त्याकडे नजर टाकली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि या वेळी जल्दी निकलो म्हणाला नाही. तो उतार मी पायी उतरलो.

वेशीत बाया उभ्या होत्या. तांब्या होता. भाकरी होती.

धुरपतमावशी पुढे आली. तिने आधी खणाच्या कव्हरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मास्तर, एकलेच? आन् बाई?"

मी सांगितलं. एका बाईने पदर डोळ्यांना लावला.

"भादव्यात?" मावशीने विचारलं.

"भादव्यात."

"म्हंजी आता न्हाई यायची ती. बसून." मावशी हे माझ्याशी बोलत नव्हती, हातातल्या भाकरीशी बोलत होती.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "बसून म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?"

"गावाला ठाऊक व्हतं, बाबा. देवळामागच्या धोंड्यावरून चौकीपतुर रस्ता दिसतो. पयल्या सालीच गुराखी वरडत आल्ता, बाई सायकल हाणून राह्यली म्हणून. आख्खं गाव धोंड्यावर चढून गेल्तं. उतारावरून अशी आली पोरगी, अशी..." मावशीचा कधी न हलणारा चेहरा हलला. "म्हणलं, आता वेशीतून येईल, जवळून पाहू. धावत खाली आलो, तं तुम्ही दोघं पायी."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलावं? तुम्ही लपवून राह्यले व्हते. पाव्हण्यानं झाकलेलं आपण उघडं करावं का? तुम्ही मास्तराची सायकल म्हणले, आम्ही बराबर म्हणलो. तवापासून दसरा झाला की रोज कुणीतरी धोंड्यावरून नजर ठिवून असायचं. खिंडीत दिसले की आम्ही भाकरतुकडा अन् पाणी घिऊन वेशीत. म्हणलं, एक डाव तरी बसून येईल, तं ओवाळून टाकू. अशा पोरीला दिष्ट लागती."

नवी सून वेशीत आली की तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात. तान्हं घेऊन माहेरवाशीण आली, कुस्ती मारून पोरगा आला, तरी ओवाळतात. लहानपणापासून शंभर वेळा पाहिलेली गोष्ट. तरी त्या हातातल्या तांब्याकडे नि भाकरीकडे पाहून मला हसणाऱ्या बायाच दिसल्या. तिला एका नजरेत कळलं होतं. मला न्हाई वाटत त्या हसायला आल्यात, म्हणाली होती.

मावशीने सायकलीपाशी येऊन भाकरीचा तुकडा मोडला. रिकाम्या सीटवरून, त्या हिरव्या कव्हरवरून, तीनदा ओवाळला आणि दोन्ही बाजूंना टाकला. पुढच्या चाकावर पाणी ओतलं. ओल्या हाताने कव्हरवरची धूळ पुसली.

"जा आता आत," ती म्हणाली.

मी दोन्ही हातांनी ती एकच सायकल धरली आणि वेशीतून आत निघालो. आत पोचल्यावर सवयीने थांबलो आणि ती येतेय ना म्हणून मागे पाहिलं. दहा पावलांवर कुणीच नव्हतं.